ळ

मी म्हटलं, गूळ.
मशीननं लिहिलं, गुल.
पुन्हा म्हटलं, जीभ टाळूला मागं वळवून,
सत्तावीस वर्षं पहिलीच्या पोरांना वळवायला लावली तशी.
गुल.
राजारामपुरीतला तो हॉल, पंखे तीन, फिरणारा एक,
आणि साठ गुरुजी-बाई हसायला मोकळे.
"मार्केट यार्डात नेऊ नका ह्याला," मागून कुणीतरी,
"रव्याचा भाव पाडंल गडी!"

रेहाना शिकलगार, आमची प्रशिक्षक,
माझ्या मुलीहून दोन वर्षांनी लहान.
म्हणाली, बाई, चुकलं की दुरुस्त करा, सोडून देऊ नका,
त्यालाही वेळ लागतो.
हे वाक्य मी कुठंतरी ऐकलं होतं.
बहुतेक माझ्याच तोंडून.

खरं सांगायचं तर मला नापासच व्हायचं होतं.
निवृत्तीला पाच वर्षं,
तेवढ्याला पुरतील इतके खडू कपाटात.
तपासणीला आलेले साहेब
आधी माझ्या फळ्याकडं बघतात, मग माझ्याकडं.
शाळेतल्या त्या मोठ्या पडद्यापुढं नारळ फुटला, फोटो निघाले,
आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात गेली.
मला बरंच वाटलं होतं.

तरी वही काढली. शंभर पानी.
हिरवं बटण: बोला.
लाल: थांबा.
बाण: दाबून धरायचा, घाईनं सोडायचा नाही.
तीन टिंबं: अजून काहीतरी आहे.
ह्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.
मुलगी म्हणाली, आई, हे कुणी लिहून घेतं का?
मी घेते, म्हटलं. पुढची ओळ सांग.

घरचा अभ्यास आम्हालाही होता.
मुलांना घरून वाचन मुद्रित करून पाठवायला सांगा.
एकतीस मुलं, एकोणीस आवाज.
एकात नुसत्या कुकरच्या शिट्ट्या,
एकात आजोबा, नातवाच्या आधी धडा संपवणारे,
आणि रात्री साडेदहाला, शेजारणीच्या फोनवरून,
रुचिता.

रुचिता सातपुते. सुभाषनगर. तिसरी.
माझ्या नोंदवहीत जूनपासून एकच शेरा,
वाचत नाही.

कानात वायरी घातल्या.
आधी हातोडी.
ओल्या चामड्यावर पडते तशी, जड, एका लयीत.
मग, हातोडीच्या सावलीत बसल्यासारखा, आवाज.
ठोक. आईनं.
ठोक. डब्यात.
ठोक. गुल.
ठोक. गुल.
ठोक. गु... गूळ.
गूळ घातला.
हातोडी थांबली, पोरगी थांबली.
"का थांबलीस? वाच की."
"तू ठोक की मग."

मी ते चार मिनिटं सतरा सेकंद
तीनदा ऐकलं.
बाणावर बोट दाबून, घाईनं न सोडता.
वर्गात मी काय करत होते?
शांतता.
गप्प बसा रे, रुचिताला वाचू द्या,
आणि साठ डोळे, आणि छताची पालसुद्धा गप्प,
आणि तिचा पहिला गुल पडायच्या आत
मी म्हणायची, बस खाली. पुढचा.

दुसऱ्या दिवशी किल्ली मागितली नाही.
डस्टर घेतलं, खिडकीशी गेले, पाठ वर्गाकडं,
आणि कठड्यावर आपटत बसले.
ठोक. ठोक.
खडूची धूळ नाकात, बाहेर केएमटीचा हॉर्न,
पोरांना वाटलं बाई डस्टर झाडायल्यात.
रुचिता, म्हटलं, पान बारा. माझं काम चालू दे, तुझं चालू दे.

बऱ्याच ठोक्यांनंतर
मागं कुणीतरी म्हणालं, आईनं.

शनिवारी रेहानाला अहवाल द्यायचाय.
साधन कोणतं वापरलं, ह्या रकान्यात
डस्टर लिहिलंय, मग खोडलंय, मग पुन्हा लिहिलंय.
पुरावा जोडा, म्हणतात.
पुरावा नाही.
हिरवं बटण दाबायचं
राहूनच गेलं.